स्किझोफ्रेनियाची ७० वर्षं जुनी औषधं: ‘जुनी’ म्हणजे ‘वाईट’ असतात का?

२६ सप्टेंबर २०२४. अमेरिकेच्या एफडीएने ‘कोबेनफी’ नावाच्या कॅप्सूलला मंजुरी दिली आणि जगभरात बातमी झाली. कारणही तसंच होतं. स्किझोफ्रेनियावरची आजवरची जवळपास सगळी औषधं मेंदूतल्या डोपामाइन या रसायनाचा मार्ग अडवतात. कोबेनफी तो मार्ग थेट अडवत नाही, वेगळ्याच ठिकाणी काम करतं. अनेक दशकांनंतर या आजारावर नवी वाट सापडली म्हणून तज्ज्ञ खूश झाले. अमेरिकेत त्याची जाहीर किंमत महिन्याला १,८५० डॉलर ठेवली गेली. म्हणजे आपले दीड लाखाच्या वर.

आता दुसरं दृश्य. महाराष्ट्रातल्या एखाद्या जिल्हा रुग्णालयाची मानसोपचार ओपीडी. केस पेपरवर लिहिलेलं असतं हॅलोपेरिडॉल, सोबत ट्रायहेक्सिफेनिडिल. घरी आल्यावर भाचा किंवा पुतण्या मोबाइलवर नाव शोधतो. समोर येतं, ‘पहिल्या पिढीचं औषध, १९५८ सालचं’. खाली दुष्परिणामांची भली मोठी यादी. घरात चर्चा सुरू होते. सरकारी आहे म्हणून जुनाट गोळ्या देतात का? खासगीत दाखवायचं का? की गोळ्याच बंद करायच्या?

प्रश्न रास्त आहे. पण ‘जुनं म्हणजे वाईट, नवं म्हणजे चांगलं’ हे उत्तर चुकीचं आहे. आणि ‘सगळी औषधं सारखीच’ हेही तितकंच चुकीचं आहे.

शस्त्रक्रियेच्या टेबलावरून सुरुवात

आधी आजाराबद्दल दोन वाक्यं. स्किझोफ्रेनिया म्हणजे दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व नव्हे. कोणी नसताना आवाज ऐकू येणं, कोणीतरी आपल्यावर पाळत ठेवतंय याची पक्की खात्री वाटणं, विचारांची साखळी तुटणं आणि हळूहळू माणसांतून, कामातून मन उडणं, असं त्याचं स्वरूप असतं. मराठी प्रेक्षकांना तो ‘देवराई’ (२००४) या सिनेमातल्या अतुल कुलकर्णींच्या भूमिकेमुळे ओळखीचा आहे.

१९५० पर्यंत या आजारावर औषध असं नव्हतंच. इन्सुलिन देऊन रुग्णाला बेशुद्ध करणं, विजेचे झटके, मेंदूच्या पुढच्या भागावरची शस्त्रक्रिया, असे उपाय होते. त्या शस्त्रक्रियेला तर १९४९ चं नोबेलही मिळालं होतं.

डिसेंबर १९५० मध्ये फ्रान्सच्या रोन-पूलांक कंपनीत पॉल शारपांतिए यांनी क्लोरप्रोमाझिन तयार केलं. मानसिक आजार त्यांच्या डोक्यातही नव्हता. आंरी लाबोरी नावाच्या सर्जनने भूल देताना ते वापरून पाहिलं. रुग्ण बेशुद्ध होत नव्हते, पण आजूबाजूला काय चाललंय याची त्यांना फिकीर राहत नव्हती. १९५२ मध्ये पॅरिसच्या सेंत-आन रुग्णालयात जाँ दले आणि पिएर देनिकेर यांनी ते मनोरुग्णांना दिलं आणि वॉर्डातला आरडाओरडा थांबला. ‘लारगॅक्टिल’ हे त्याचं नाव आजही अनेक जुन्या डॉक्टरांच्या तोंडी असतं.

या गोष्टीला एक भारतीय धागाही आहे. बिहारकडे वेडावरची औषधी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सर्पगंधेवर गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच लिहिलं होतं. मुंबईच्या केईएममधले डॉ. रुस्तम वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये रक्तदाबावरचा तिचा उपयोग मांडला आणि जगाचं लक्ष या मुळीकडे वळलं. तिच्यातलं रेसरपिन हे द्रव्य पुढे मनोरुग्णांनाही दिलं गेलं. रक्तदाब फार उतरणं, उदासी येणं अशा त्रासांमुळे आणि क्लोरप्रोमाझिनच्या स्पर्धेमुळे ते मागे पडलं.

१९५८ मध्ये बेल्जियममध्ये पॉल यान्सेन यांच्या प्रयोगशाळेत हॅलोपेरिडॉल तयार झालं. त्याच सुमाराला ट्रायफ्लुओपेराझिन, फ्लुफेनाझिन, परफेनाझिन, थायोरिडाझिन अशी भावंडंही आली. यांनाच आज ‘पहिली पिढी’ म्हणतात.

मग यांच्यात सरस कोण?

हा प्रश्न साठ वर्षांपूर्वीच विचारला गेला होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने नऊ रुग्णालयांत क्लोरप्रोमाझिन, फ्लुफेनाझिन आणि थायोरिडाझिन यांची तुलना केली. एका गटाला नुसत्या दिसायला सारख्या, औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. १९६४ मध्ये निकाल आला. सहा आठवड्यांत तिन्ही औषधं बिनऔषधी गोळीपेक्षा खूपच सरस ठरली. एकमेकांशी तुलना केली तर मात्र फारसा फरक नव्हता.

असं का, हे कळायला १९७६ उजाडावं लागलं. टोरांटोत फिलिप सीमन यांच्या गटाने आणि अमेरिकेत सॉलोमन स्नायडर यांच्या गटाने दाखवून दिलं की ही सगळी औषधं मेंदूतल्या एकाच कुलपावर बसतात. ते कुलूप म्हणजे डोपामाइनचा डी-टू रिसेप्टर. जे औषध या कुलपाला जास्त घट्ट चिकटतं, त्याचा डोस कमी लागतो. जे सैल चिकटतं, त्याचा डोस जास्त लागतो.

इथेच बहुतेक घरांत एक गैरसमज होतो. आधी १०० मिलिग्रॅमची गोळी होती, आता डॉक्टरांनी दोनची दिली, म्हणजे औषध हलकं केलं, असं वाटतं. प्रत्यक्षात क्लोरप्रोमाझिनच्या १०० मिलिग्रॅमचं काम हॅलोपेरिडॉलचे साधारण दोनच मिलिग्रॅम करतात. आकडा लहान म्हणून औषध सौम्य, असं इथे चालत नाही. उलट कधी कधी आकडा लहान असलेली गोळीच शरीराला जड जाते.

कोक्रेन या आरोग्य-संशोधन संस्थेने २०१४ मध्ये हॅलोपेरिडॉल आणि क्लोरप्रोमाझिनसारख्या कमी तीव्रतेच्या जुन्या औषधांची तुलना करणारे १७ अभ्यास, एकूण ८७७ रुग्ण, एकत्र करून पाहिले. आजारावरच्या गुणात स्पष्ट फरक सापडला नाही. त्रासात मात्र सापडला. हॅलोपेरिडॉलवर हालचालींचे त्रास जास्त होते, दुसऱ्या गटात झोप आणि वजनवाढ.

थोडक्यात, या औषधांची खरी तुलना ‘गुण कुणाचा जास्त’ अशी होत नाही. गुणाच्या बदल्यात कोणतं औषध शरीराकडून काय वसूल करतं, अशी ती होते.

एकीकडे झोप, दुसरीकडे जखडलेलं अंग

क्लोरप्रोमाझिन मेंदूत एका नव्हे, अनेक कुलपांना हात लावतं. म्हणून झोप येते, तोंडाला कोरड पडते, बद्धकोष्ठ होतं, पटकन उभं राहिलं तर डोळ्यांपुढे अंधारी येते, वजन वाढतं. आणखी एक त्रास आपल्याकडे महत्त्वाचा आहे, पण त्याबद्दल फार कमी बोललं जातं. या औषधावर त्वचा उन्हाला लवकर भाजते. एप्रिल-मेमध्ये शेतात किंवा बांधकामावर काम करणाऱ्या माणसासाठी ही बारीकसारीक गोष्ट नाही. पण जो माणूस रात्र-रात्र झोपत नाही, त्याला यातली झोपच हवी असते.

हॅलोपेरिडॉलचं उलटं. झोप कमी, वजन फारसं वाढत नाही, रक्तदाब फार ढळत नाही. पण डोपामाइनचं कुलूप ते इतकं घट्ट धरतं की हालचाली सांभाळणारा मेंदूचा भागही जखडतो. हात कापतात, चेहरा निर्विकार होतो, पावलं घासत पडतात. कंपवात झाल्यासारखं दिसतं. ट्रायफ्लुओपेराझिन आणि फ्लुफेनाझिन याच बाजूला झुकतात. परफेनाझिन साधारण मधे.

थायोरिडाझिनची गोष्ट वेगळी. हालचालींचे त्रास कमी, म्हणून ते एके काळी लाडकं होतं. पण ते हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतं, असं स्पष्ट होत गेलं. २००० मध्ये एफडीएने त्यावर सर्वांत कडक इशारा लावला आणि २००५ मध्ये मूळ कंपनीने ते जगभरातून मागे घेतलं. तेव्हा ‘जुनी औषधं सगळी पारखलेली, काळजी नको’ असं म्हणणाऱ्यांनीही जरा थांबावं. पारखायलाच चाळीस वर्षं लागली होती.

ते ‘अंगात येणं’ नव्हे

हॅलोपेरिडॉल सुरू होऊन एक-दोन दिवस झालेले असतात. अचानक मुलाची मान एका बाजूला वळते आणि तिथेच अडकते. डोळे वर जातात, खाली येत नाहीत. जबडा आवळतो, बोलता येत नाही. शुद्ध मात्र पूर्ण असते. बघणाऱ्यांची भीतीने गाळण उडते. आधीच ‘बाहेरचं काही असेल’ अशी कुजबुज असलेल्या घरात तर पुरावाच मिळाल्यासारखं होतं. गाडी दवाखान्याऐवजी देवऋष्याकडे वळते.

याला डिस्टोनिया म्हणतात. स्नायूंना आलेला पेटका. तरुण मुलांमध्ये आणि पहिल्या काही दिवसांतच तो जास्त दिसतो. दिसायला भयंकर, पण योग्य इंजेक्शन मिळालं तर बहुतेकदा अर्ध्या-पाऊण तासात सुटतो. घशाचे स्नायू आवळले, श्वासाला त्रास झाला तर मात्र ती तातडीची वेळ असते.

हा त्रास टाळता येतो, हे सिद्ध करण्यात भारताचा वाटा मोठा आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये, आक्रमक अवस्थेत आणलेल्या रुग्णांवर हॅलोपेरिडॉल आणि प्रोमेथाझिन ही दोन स्वस्त इंजेक्शनं एकत्र देऊन अभ्यास झाले. पहिला २००४ मध्ये २०० रुग्णांवर, दुसरा २००७ मध्ये ३०० रुग्णांवर. दुसऱ्यात समोर नवं आणि महाग ओलान्झापिन इंजेक्शन होतं. शांत करण्यात दोन्ही सारखीच ठरली. पण पुढच्या चार तासांत पुन्हा औषध द्यावं लागण्याचं प्रमाण ओलान्झापिनच्या गटात ४३ टक्के होतं, जुन्या जोडीच्या गटात २१ टक्के. ब्राझीलमधल्या रिओच्या अभ्यासात हॅलोपेरिडॉल एकटं दिलं तेव्हा डिस्टोनिया इतका दिसला की अभ्यास मधेच थांबवावा लागला. औषध तेच, सोबत काय दिलं यावर सगळं अवलंबून.

दुसरा त्रास दिसत नाही, म्हणून जास्त फसवा आहे. अकॅथिशिया. आतून सतत ‘उठ, चाल’ असं वाटत राहतं. माणूस बसू शकत नाही, बसला तर पाय हलवत राहतो, रात्री घरभर येरझाऱ्या घालतो, चिडतो. घरच्यांना वाटतं आजार वाढला. ते डॉक्टरांना तसंच सांगतात. डोस वाढतो. डोस वाढला की येरझाऱ्या आणखी वाढतात. या चक्रात अडकलेले रुग्ण गोळ्या थुंकून टाकतात, आणि मग ‘तो औषध घेतच नाही’ असा शिक्का बसतो. खरं तर ‘बसवत नाही ना? आतून कसंतरी होतंय का?’ एवढा प्रश्न विचारला तरी निम्मं काम होतं.

केस पेपरवरची ती दुसरी गोळी, ट्रायहेक्सिफेनिडिल, हात कापणं, अंग जखडणं यासाठी असते. तिचाही खर्च आहे. तोंडाला कोरड, बद्धकोष्ठ, वयस्कर माणसात विसरभोळेपणा. त्रास नसतानाही प्रत्येकाला ती सरसकट देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे. वर्षानुवर्षं कुणी न विचारता चालू राहिलेली गोळी कोणती, असं विचारलं तर अनेक घरांत हीच निघेल.

बायकांचा एक त्रास तर ओपीडीत बोललाच जात नाही. या औषधांनी प्रोलॅक्टिन वाढतं. पाळी चुकते, कधी स्तनांतून दूध येतं. लग्न झालेली असेल तर घरात वेगळ्याच शंका सुरू होतात, लग्न व्हायचं असेल तर बाई गप्पच बसते.

सगळ्यांत जास्त काळजी करायची ती टार्डिव्ह डिस्किनेशियाची. महिने-वर्षं औषध घेतल्यावर जीभ वळवळायला लागते, तोंड पान चघळल्यासारखं हलत राहतं. जुन्या औषधांवर असलेल्या प्रौढांमध्ये दरवर्षी साधारण ५ टक्क्यांना हे सुरू होतं. वृद्धांमध्ये प्रमाण बरंच जास्त असतं. औषध थांबवूनही ते पूर्ण जाईलच असं नसतं. २०१७ मध्ये अमेरिकेत यावर खास औषधं मंजूर झाली. पण लवकर लक्षात येणं हाच आजही सर्वांत चांगला उपाय आहे. जुन्या औषधांविरुद्धचा हा खरा, वजनदार मुद्दा आहे. तो लपवून ‘स्वस्त आणि मस्त’ म्हणणं अप्रामाणिकपणाचं होईल.

बदनामी औषधाची की डोसची?

हॅलोपेरिडॉलची कीर्ती बिघडायला डॉक्टरही जबाबदार होते. एके काळी, विशेषतः १९७० आणि ८० च्या दशकांत, जास्त डोस म्हणजे जास्त गुण असं मानून दिवसाला २०, ४०, कधी त्याहूनही जास्त मिलिग्रॅम दिले जात.

२००० मध्ये टोरांटोत शितिज कपूर आणि सहकाऱ्यांनी पहिल्यांदाच आजारी पडलेल्या २२ रुग्णांना दिवसाला १ किंवा अडीच मिलिग्रॅम इतकंच हॅलोपेरिडॉल दिलं आणि त्यांच्या मेंदूचे पेट स्कॅन काढले. डी-टू कुलपांपैकी साधारण ६५ टक्के अडवली गेली की गुण येण्याची शक्यता वाढते. ७८ टक्क्यांच्या पुढे गेलं की हालचालींचे त्रास सुरू होतात. म्हणजे गुण आणि त्रास यांच्यामधली फट अगदी अरुंद आहे, पण आहे. आणि अनेकांसाठी ती काही थोडक्या मिलिग्रॅमवरच सापडते.

याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जॉन गेडेस आणि सहकाऱ्यांनी जुन्या-नव्या औषधांच्या ५२ चाचण्या, १२ हजारांहून जास्त रुग्ण, एकत्र तपासल्या. जुन्या औषधाचा डोस जिथे हॅलोपेरिडॉलच्या १२ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नव्हता, तिथे नव्या औषधांचा गुणातला वरचष्मा नाहीसा झाला. हालचालींचे त्रास नव्यांमध्ये कमी, हे मात्र तरीही खरं राहिलं. नव्या औषधांचं मोठेपण अंशतः यावर उभं होतं की शर्यतीत जुन्याच्या पायात वजन बांधलेलं होतं.

मग अमेरिकन सरकारने खर्च करून पाहिलं

१९९० च्या दशकात रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, क्वेटियापिन ही ‘दुसरी पिढी’ आली आणि बाजार काबीज करून गेली. तेव्हा अमेरिकेने सरकारी पैशातून केटी नावाची मोठी चाचणी केली. ५७ ठिकाणं, जवळपास १,५०० रुग्ण, १८ महिने. चार नव्या औषधांसमोर जुन्यांचा प्रतिनिधी म्हणून मधल्या तीव्रतेचं परफेनाझिन.

२००५ मध्ये निकाल आला आणि अनेकांना धक्का बसला. एकूण ७४ टक्के रुग्णांनी १८ महिने पूर्ण व्हायच्या आतच दिलेलं औषध सोडलं. परफेनाझिन सोडणारे ७५ टक्के, रिस्पेरिडोन ७४, क्वेटियापिन ८२. सर्वांत जास्त टिकलं ओलान्झापिन, तेही ६४ टक्क्यांनी सोडलं. आणि ओलान्झापिनवरच्या ३० टक्के रुग्णांचं वजन मूळ वजनाच्या ७ टक्क्यांहून जास्त वाढलं. परफेनाझिनवर हे प्रमाण १२ टक्के होतं.

इथे एक प्रामाणिक तळटीप हवी. ज्यांना आधीच टार्डिव्ह डिस्किनेशिया होता त्यांना या चाचणीत परफेनाझिन दिलंच नव्हतं. म्हणजे जुन्या औषधाला थोडी सवलत मिळाली होती. शिवाय हालचालींच्या त्रासामुळे औषध सोडणारे परफेनाझिनच्याच गटात जास्त, ८ टक्के होते.

ब्रिटनच्या २२७ रुग्णांवरच्या वर्षभराच्या अभ्यासातही (२००६) जुन्या औषधांवरच्या लोकांचं जगणं नव्यांवरच्यांपेक्षा खालावलेलं दिसलं नाही. सगळ्यांत मोठी गोळाबेरीज २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. श्टेफान लॉय्श्ट यांच्या गटाने २१२ चाचण्या आणि ४३ हजार रुग्णांच्या माहितीवरून १५ औषधांची क्रमवारी लावली. गुणात हॅलोपेरिडॉल सातवं आलं. त्याच्या खाली अनेक नवी, महाग औषधं होती. क्लोरप्रोमाझिन बाराव्या क्रमांकावर. पण हालचालींच्या त्रासात हॅलोपेरिडॉल सर्वांत वाईट, आणि रुग्णांनी औषध सोडण्यातही सर्वांत वाईट. वजनवाढीत मात्र सर्वांत चांगलं. एकाच औषधाला एकाच तक्त्यात पहिला आणि शेवटचा नंबर.

मधुमेह घरोघरी पोहोचलेल्या आपल्या राज्यात वजनाचा मुद्दा लहान नाही. वडिलांना साखर आहे, मुलगा २२ वर्षांचा आणि आधीच जाड, अशा वेळी ‘नवं म्हणजे सुरक्षित’ हे वाक्य तपासून घ्यावं लागतं.

सर्वांत गुणकारी औषधही जुनंच

ही या सगळ्यातली गंमत. ज्याला नव्या पिढीचं पहिलं औषध मानतात, ते क्लोझापिन १९५० च्या दशकाच्या शेवटी तयार झालं होतं. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये ते घेणाऱ्या आठ जणांचा पांढऱ्या पेशी अचानक घटल्यामुळे मृत्यू झाला आणि अनेक देशांनी ते बाजूला ठेवलं. मग १९८८ मध्ये जॉन केन यांनी, दुसऱ्या औषधांनी गुण न आलेल्या २६८ रुग्णांवर त्याची क्लोरप्रोमाझिनशी तुलना केली. सहा आठवड्यांत क्लोझापिनवर ३० टक्के सुधारले, क्लोरप्रोमाझिनवर ४ टक्के. इतका मोठा फरक या क्षेत्रात क्वचितच दिसतो. वरच्या क्रमवारीतही ते पहिलं आहे.

किंमत? नियमित रक्ततपासणी, सुरुवातीचे महिने तर दर आठवड्याला. तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्या कुटुंबासाठी म्हणजे एसटीचं भाडं, एक खाडा, आणि रिपोर्टसाठी पुन्हा फेरी. दोन औषधं नीट डोसमध्ये, पुरेसा वेळ देऊनही गुण आला नाही, तर क्लोझापिनचा विचार व्हायला हवा. तिसरं, चौथं, पाचवं औषध बदलत बसण्यात रुग्णाची वर्षं जातात.

चहात मिसळलेली गोळी

‘तो गोळी घेत नाही, म्हणून चहातून देतो.’ हे अनेक घरांतलं उघड गुपित. आईची अगतिकता समजण्यासारखी आहे. पण ज्याला आधीच वाटतं की आपल्या जेवणात काहीतरी मिसळलं जातंय, त्याला एक दिवस ते खरंच सापडतं. मग विश्वास कायमचा जातो.

याला एक जुनाच पर्याय आहे. फ्लुफेनाझिन किंवा हॅलोपेरिडॉलचं तेलातलं, हळूहळू शरीरात उतरणारं इंजेक्शन. दोन ते चार आठवड्यांतून एकदा. रोजचं भांडण संपतं. अर्थात रुग्णाला विचारून, समजावून. शिक्षा म्हणून नव्हे. इथेही नव्याशी तुलना झाली आहे. २०१४ मध्ये ‘जामा’त आलेल्या ३११ रुग्णांच्या अमेरिकन अभ्यासात नवं पॅलिपेरिडोन इंजेक्शन आणि जुनं हॅलोपेरिडॉल डेकॅनोएट आजार आटोक्यात ठेवण्यात जवळपास सारखेच ठरले. उपचार अपयशी ठरण्याचं प्रमाण अनुक्रमे ३४ आणि ३२ टक्के. नव्यावर वजन आणि प्रोलॅक्टिन वाढलं, जुन्यावर ती येरझाऱ्यांची अस्वस्थता जास्त दिसली. शिवाय तेलातलं इंजेक्शन एकदा दिलं की परत काढता येत नाही. म्हणून आधी तेच औषध गोळीच्या रूपात सोसतं का, ते पाहायचं असतं.

यादीत काय आहे, यावर खिशाचं गणित

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये झाला आणि मे २०१८ मध्ये लागू झाला. त्याच्या कलम १८ नुसार अत्यावश्यक औषधांच्या यादीतली मानसिक आजारांची औषधं सामुदायिक आरोग्य केंद्रापासून, म्हणजे आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सर्व सरकारी ठिकाणी कायम आणि मोफत मिळायला हवीत. हॅलोपेरिडॉल आणि फ्लुफेनाझिन भारताच्या राष्ट्रीय यादीत आहेत. रिस्पेरिडोन आणि क्लोझापिनही आहेत.

म्हणजे जुनी औषधं यादीत असणं हा गरिबांवरचा अन्याय नाही. पुरावा त्यांच्या बाजूने आहे. अन्याय होतो तो पुढे. गोळ्यांची पट्टी मोफत मिळते, पण ती पचतेय का हे पाहायला दोन मिनिटं मिळत नाहीत. जीभ बाहेर काढायला लावून बघणं, हात पुढे धरायला सांगणं, वजन करणं, याला मशीन लागत नाही. हॅलोपेरिडॉलसारखं अरुंद फटीचं औषध द्यायचं असेल तर ही तपासणी उपचाराचाच भाग आहे. ती होत नसेल, तर स्वस्त औषध रुग्णाला महाग पडतं. महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, पण रोजचा प्रश्न तालुक्याच्या ओपीडीतच सुटतो किंवा अडतो.

आणि अडला की काय होतं? बंगळुरूच्या निमहान्सने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात सायकोसिस असलेल्या दर चारपैकी सुमारे तिघांपर्यंत उपचारच पोहोचत नाहीत. जे पोहोचतात, त्यातले त्रासाला कंटाळून परस्पर गोळ्या बंद करतात. लॉय्श्ट यांच्याच २०१२ च्या दुसऱ्या अभ्यासात ६५ चाचण्या एकत्र पाहिल्या होत्या. औषध चालू ठेवणाऱ्यांपैकी वर्षभरात २७ टक्क्यांचा आजार उलटला, बंद करून बिनऔषधी गोळीवर ठेवलेल्यांपैकी ६४ टक्क्यांचा.

म्हणून त्रास होत असेल तर गोळी बंद करण्याआधी तो सांगायचा. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं, जुन्यावरून नव्यावर जाता येतं आणि नव्यावरून जुन्यावरही. खूप ताप, अंग लाकडासारखं ताठ आणि शुद्ध हरपल्यासारखं वाटत असेल तर मात्र वाट न पाहता थेट रुग्णालय गाठायचं. कुणाला विचारावं हेच कळत नसेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे. ती मोफत आहे, २४ तास चालते.

आणखी एक. सरकारी ओपीडीत डॉक्टर बदलत राहतात. मागच्या वेळी कोणत्या गोळीने मान वाकडी झाली होती, किती डोसवर झोप लागली, कोणत्या गोळीवर वजन वाढलं, हे तारखेसकट केस पेपरच्या मागे घरच्यांनीच लिहून ठेवलं तर पुढच्या डॉक्टरला शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही.